सांगलीत राहून लघुपट करताना: ऑनलाइन साधने आणि सोबती यांचा टप्प्याटप्प्याने उपयोग

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, कारण विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग याच गावात केला. त्या परंपरेचा फायदा लघुपट करू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींना आजही मिळतो. एकांकिका स्पर्धांतून तयार झालेले नट मिळतात, संवाद लिहिणारे मिळतात, तालमीला जागा मिळते आणि प्रयोग फसला तर तोंडावर सांगणारे जाणकारही मिळतात. चित्रपटाच्या बाबतीत मात्र अजून तशी स्थिती नाही. चांगला मोबाइल किंवा भाड्याचा कॅमेरा गावात मिळतो, संकलनासाठी संगणकही मिळतो. पण कच्चे संकलन पाहून तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षकाचे लक्ष का सुटते हे नेमके सांगणारा माणूस शोधायला पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी इंटरनेटचा उपयोग कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ऑनलाइन साधनांची यादी जमवण्याने फिल्म होत नाही. मी स्वतः पहिल्या लघुपटाआधी आठ महिने व्हिडिओ पाहण्यात आणि निरनिराळ्या गटांचे सदस्यत्व घेण्यात घालवले आणि त्या काळात एकही दृश्य चित्रित केले नाही. पुढे प्रत्यक्ष काम सुरू केल्यावर लक्षात आले की, हातात फिल्म असली की प्रश्न आपोआप नेमका होतो आणि नेमक्या प्रश्नाला कुठेही, अगदी अनोळखी माणसाकडूनही, नेमके उत्तर मिळते. म्हणून इथे साधनांची मांडणी कामाच्या टप्प्यांप्रमाणे केली आहे. ज्या टप्प्यावर तुम्ही आहात तेवढाच भाग वापरावा.

कामाआधीचे एक पान

समजा, तुम्हाला मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर बारा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती तुमच्याकडे आहे. परंतु ही माहिती म्हणजे फिल्म नव्हे. ‘मिरजेतील वाद्यनिर्मिती’ हा विषय झाला. ‘आयुष्यभर जवारी लावणाऱ्या कारागिराला आता बारीक आवाज ऐकू येईनासे झाले आहेत’ ही फिल्म झाली. (जवारी लावणे म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती वाद्याची घोडी घासून सूर खुलवणे.) असे एक वाक्य कागदाच्या वरच्या बाजूला लिहावे. त्याखाली ही फिल्म कोणी पाहावी असे वाटते ते लिहावे, आणि शेवटी स्वतःला येत नसलेल्या तीन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवाव्यात. उदाहरणार्थ, बंद खोलीतील तंबोऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रित कसा करावा, मुलाखत चालू असताना कारागिराचे हात कसे टिपावेत आणि बोलीतील संवादांची उपशीर्षके (सबटायटल) कशी करावीत. या तीन ओळी म्हणजे इंटरनेटवर शोधायच्या गोष्टींची तुमची खरी यादी होय.

पाहायला शिकणे

चित्रपट कसा पाहावा हे शिकण्यासाठी विनामूल्य साधने भरपूर आहेत आणि त्यांतील थोडीच पुरेशी आहेत. फिल्म्स डिव्हिजन ही १९४८ साली सुरू झालेली संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली आहे; तिचे अनेक माहितीपट यूट्यूबवर अधिकृतपणे पाहता येतात. हस्तव्यवसायांवरील जुने माहितीपट पाहताना निवेदनाचा आवाज बंद करून एकदा पाहावे, म्हणजे केवळ दृश्यांच्या क्रमातून काय कळते आणि काय कळत नाही हे ध्यानात येते. इंडियनसिने.मा हा भारतीय चित्रपटांचा ऑनलाइन संग्रह त्याहून वेगळ्या प्रकारे उपयोगी पडतो, कारण तिथे चित्रपटांवर दृश्यवार टिपणे जोडलेली असतात.

वाचनासाठी डेव्हिड बोर्डवेल आणि क्रिस्टिन थॉम्पसन या अभ्यासकांचे संकेतस्थळ मी सर्वांत आधी सुचवीन. एखाद्या दृश्यात कॅमेरा कुठे आहे, पात्रे कुठे उभी आहेत आणि त्यामुळे आपले लक्ष कुठे जाते, हे तिथे प्रत्यक्ष चौकटींची (फ्रेमची) चित्रे दाखवून समजावलेले आहे. इंग्रजी अवघड वाटले तरी चित्रांमुळे मुद्दा पोहोचतो. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झाली. पूर्णवेळ अभ्यासक्रमाबरोबरच ही संस्था अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही घेते, त्यांपैकी काही ऑनलाइन असतात. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांनी तिच्या संकेतस्थळावरील सूचना महिन्यातून एकदा तरी पाहाव्यात. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चित्रपट रसास्वादाचे काम करते आहे आणि मराठीत या विषयावर गंभीर लेखन वाचायचे असेल तर त्यांच्या कामापासून सुरुवात करणे योग्य ठरेल.

पटकथा आणि तिची नोंद

देवनागरीत पटकथा लिहिताना अनेक प्रसिद्ध सॉफ्टवेअर जोडाक्षरे मोडतात किंवा पानांची मोजणी चुकवतात. त्यामुळे सुरुवातीला गुगल डॉक्ससारखे साधे साधन पुरेसे आहे. पटकथेची नेहमीची मांडणी हवीच असेल तर ‘फाउंटन’ ही साध्या मजकुरातील लेखनपद्धती शिकून घ्यावी. ती कोणत्याही टंकलेखन साधनात चालते आणि मजकूर युनिकोडमध्ये राहतो. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकावर आणि समासावर बेतलेला आहे. मराठीसाठी त्यावर विसंबून न राहता सर्व पात्रांचे संवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. नाटकाच्या तालमीची सवय असलेल्या सांगलीकरांना हे सांगण्याची फारशी गरज नाही.

पटकथा इतरांना पाठवण्याआधी तिची तारखेनिशी नोंद करून ठेवावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्यांना पटकथेची ऑनलाइन नोंदणी करता येते. केंद्र सरकारच्या प्रताधिकार (कॉपीराइट) कार्यालयातही ऑनलाइन अर्ज करता येतो आणि साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क असते. कायद्याने प्रताधिकार हा कृती लिहिली की आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही; नोंदणीचा उपयोग पुढे वाद झाल्यास पुरावा म्हणून होतो. नुसती कल्पना मात्र कोणत्याही नोंदणीने सुरक्षित होत नाही. म्हणून कल्पना सांगत फिरण्यापेक्षा ती लिहून काढावी.

सोबती कुठे आणि कसे शोधावेत

या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका इथेच बहुतेकांचा उत्साह ओसरतो, कारण प्रश्न कसा विचारावा हे कोणी शिकवलेले नसते.

रेडिटवर फिल्ममेकर्स आणि स्क्रीनरायटिंग हे मोठे गट आहेत. त्यांत दररोज शेकडो जण लिहितात, त्यामुळे उत्तर लवकर येते, पण उत्तर देणारा किती जाणता आहे हे कळत नाही. संकलनासाठी तिथे दोन वेगळे गट आहेत: एडिटर्स हा व्यवसाय करणाऱ्यांचा आणि व्हिडिओ एडिटिंग हा शिकणाऱ्यांचा. पहिल्या गटात प्राथमिक प्रश्न विचारला तर तो काढून टाकला जातो. यात अपमान वाटून घेऊ नये, गटाचे नियम आधी वाचावेत. छायाचित्रणासाठी रॉजर डीकिन्स या ज्येष्ठ छायालेखकांच्या संकेतस्थळावरील चर्चामंच मला विशेष मोलाचा वाटतो, कारण तिथे एखाद्या दृश्यात दिवे कुठे ठेवले होते या प्रश्नाला त्यांनी स्वतः दिलेली उत्तरे वाचायला मिळतात. माहितीपट करणाऱ्यांसाठी ‘द डी-वर्ड’ हा जगभरच्या माहितीपटकारांचा विनामूल्य मंच आहे; तिथे नैतिकतेचे, मुलाखतीचे आणि निधीचे प्रश्न गांभीर्याने चर्चिले जातात. भारतातील नव्या माहितीपटकारांना मार्गदर्शन आणि देशोदेशींच्या निर्मात्यांची भेट एकाच ठिकाणी देणारा डॉकएज कोलकाता हा उपक्रमही नजरेसमोर असावा.

आता प्रश्न विचारण्याविषयी. ‘माझी फिल्म पाहून मत सांगा’ असे लिहिले तर उत्तर मिळत नाही, किंवा ‘छान आहे’ एवढेच मिळते. त्याऐवजी असे लिहावे: ‘हा बारा मिनिटांच्या माहितीपटाचा पहिला दीड मिनिटाचा तुकडा आहे. कारागिराला कमी ऐकू येते हे मी शब्दांत सांगितलेले नाही. तुम्हाला ते कितव्या सेकंदाला कळले, आणि कळले नसेल तर तुम्हाला काय वाटले?’ अशा प्रश्नाला उत्तर देणे सोपे असते, कारण पाहणाऱ्याला तज्ज्ञ असावे लागत नाही. त्याला केवळ स्वतःला काय वाटले ते सांगायचे असते. पाच अनोळखी लोकांनी चाळिसावा सेकंद सांगितला आणि तुमच्या मनात विसावा होता, तर संकलनात काय बदलायचे ते तुम्हाला कळले.

दुसरा नियम देण्याघेण्याचा आहे. स्वतःचा प्रश्न टाकण्याआधी त्याच गटातील किमान तीन जणांच्या कामावर विचारपूर्वक लिहावे. पेरणीच्या दिवसांत शेतकरी एकमेकांच्या रानात सावड करतात, तीच ही रीत आहे. ज्याच्या कामावर तुम्ही मनापासून लिहिले आहे, तो तुमची फिल्म शेवटपर्यंत पाहतो. शिवाय दुसऱ्याच्या फिल्ममधील ढिलाई ओळखता आली की स्वतःची दिसू लागते, हा त्याहून मोठा लाभ आहे.

तरीही मोठ्या गटांवर थांबू नये. मोठ्या गटांचा खरा उपयोग माणसे हेरण्यासाठी करावा आणि त्यांतून पाच-सहा जणांचे छोटे मंडळ जमवावे. साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगली-मिरजेत आणि कोल्हापुरात लघुपट करणारे तरुण आहेत. स्थानिक महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, एकांकिका स्पर्धांचे व्हॉट्सअॅप गट आणि लग्नाचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक यांच्याकडे चौकशी केली तर ते सापडतात. लग्नाच्या चित्रीकरणाला कमी लेखण्याची चूक करू नये. गर्दीत, कमी उजेडात आणि दुसरी संधी नसताना काम करण्याचा त्यांच्याइतका सराव फार थोड्यांना असतो. हे मंडळ महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी ऑनलाइन भेटावे, प्रत्येक भेटीत एकाचेच काम पाहिले जावे, आणि पाहून झाल्यावर पहिली दहा मिनिटे दिग्दर्शकाने काहीही बोलू नये. ही शेवटची अट पाळणे कठीण जाते, पण तिच्यावाचून भेटीचा उपयोग होत नाही. दिग्दर्शक खुलासा करू लागला की पाहणारे समजूतदार होतात आणि फिल्ममधील दोष झाकले जातात.

एक सावधगिरीही सांगायला हवी. काम देतो, निवड करतो, ओळख करून देतो असे सांगून ऑडिशनसाठी किंवा नावनोंदणीसाठी पैसे मागणारे लोक समाजमाध्यमांवरील गटांत वावरतात. प्रामाणिक निर्माता नटाकडून ऑडिशनचे पैसे घेत नाही. कच्चे संकलन पाठवताना ते सार्वजनिक न ठेवता व्हिमिओवर पासवर्ड लावून किंवा यूट्यूबवर असूचीबद्ध ठेवून पाठवावे आणि त्यावर तारीख व ‘कच्चे संकलन’ असे ठळक लिहावे.

परदेशी सल्ला आपल्याकडे आणताना

ऑनलाइन सल्ल्याचा मोठा भाग अमेरिकेत लिहिला जातो आणि तो तसाच्या तसा उचलला की नुकसान होते. याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत घरगुती वीज ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ५० हर्ट्झची. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंत सांगितलेला एकसाठांश सेकंदाचा शटर (प्रत्येक चौकटीवर उजेड पडू देण्याचा वेळ) वापरून सतारमेकराच्या दुकानात ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रीकरण केले तर चित्रात लपलप दिसू शकते. आपल्याकडे सेकंदाला २५ चौकटी आणि एकपन्नासांश सेकंदाचा शटर ठेवणे सुरक्षित असते.

दुसरे उदाहरण कायद्याचे आहे. अमेरिकी लेखांत वारंवार येणारी ‘फेअर यूज’ (दुसऱ्याच्या कृतीचा भाग काही कारणांसाठी परवानगीशिवाय वापरण्याची मुभा) ही कल्पना त्यांच्या कायद्यातील आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ मध्ये सवलतींची वेगळी यादी आहे आणि ती अधिक मर्यादित आहे. ‘दहा सेकंदांपेक्षा कमी गाणे वापरले तर चालते’ असे अनेक गटांत ठामपणे सांगितले जाते. असा कोणताही नियम कायद्यात नाही.

चित्रीकरण आणि संकलन

या भागात फार रेंगाळण्याची गरज नाही, कारण साधने आता खरोखर सोपी झाली आहेत. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे विनामूल्य अॅप २०२३ साली आयफोनसाठी आणि २०२४ साली अँड्रॉइडसाठी आले. त्यात शटर, चौकटींची गती आणि रंगतापमान स्वतः ठरवता येते. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती पुरेशी आहे. तीत अल्ट्रा एचडीपर्यंतची फिल्म बाहेर काढता येते आणि कंपनीच्या संकेतस्थळावर शिकण्याची पुस्तके व सरावाचे साहित्य विनामूल्य मिळते. मी इतर व्हिडिओंच्या मागे न लागता ही पुस्तके क्रमाने करावीत असे सांगीन. संगणक जुना असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट यांपैकी एखादे साधन घ्यावे.

मोबाइलच्या चित्रीकरणात चौकटींची गती बदलती राहते आणि त्यामुळे संकलनात आवाज व ओठ हळूहळू वेगळे पडतात, ही नवशिक्यांची हमखास तक्रार असते. हँडब्रेक या विनामूल्य साधनातून फायली स्थिर गतीत रूपांतरित करून घेतल्या की ती दूर होते. ध्वनीच्या बाबतीत मात्र नंतर दुरुस्ती होत नाही. जवारीचा सूक्ष्म आवाज हाच ज्या फिल्मचा प्राण आहे, तिच्यासाठी कॅमेऱ्यापेक्षा माइकवर खर्च करावा, दुकानातील पंखा बंद ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी आणि प्रत्येक जागेची एक मिनिटभर शांतता स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावी.

परवानग्यांसाठी प्रत्येक जागेचा मालक वेगळा असतो हे लक्षात ठेवावे. कासच्या पठारावर वन विभाग आणि वाईच्या घाटांवर स्थानिक प्रशासन यांच्याशी बोलल्यावाचून कॅमेरा काढू नये. ड्रोन वापरायचा असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर त्या भागाचा नकाशा पाहावा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक परवाना लागत नसला तरी बंदी असलेल्या हवाई क्षेत्राचा नियम त्यालाही लागू असतो.

संगीत आणि हक्कांचे कागद

अनेक चांगले लघुपट इथे अडकतात. महोत्सवात निवड होते आणि मग पार्श्वसंगीताच्या हक्काचा कागद मागितला जातो, किंवा यूट्यूबची स्वयंचलित ओळखप्रणाली गाणे पकडते आणि जाहिरातीचे उत्पन्न दुसऱ्याकडे जाते. राग कोणाच्याही मालकीचा नसतो, परंतु एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे प्रताधिकाराखाली असते. सतारमेकराच्या दुकानात रेडिओ चालू असेल तर चित्रीकरणापुरता तो बंद करावा, हे यासाठीच.

फ्रीसाउंड या संग्रहातून ध्वनी घेताना प्रत्येक ध्वनीचा परवाना वेगळा असतो: काहींवर कसलीच अट नसते, काहींना श्रेय द्यावे लागते, आणि काही व्यावसायिक कामात वापरता येत नाहीत. शेवटच्या प्रकारापासून दूरच राहावे, कारण आज हौस म्हणून केलेली फिल्म उद्या विकली जाऊ शकते. यूट्यूबचा स्वतःचा ध्वनिसंग्रहही उपयोगी आहे. परंतु मिरजेत फिल्म करणाऱ्याने तयार संगीत शोधण्याआधी गावातल्या वादकांना विचारावे असे मला मनापासून वाटते. तंबोरा जुळवतानाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण कोणत्याही विकतच्या संगीतापेक्षा त्या फिल्मला शोभून दिसेल.

वादक मित्र असला तरी कागद करावा. प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे मुदत व प्रदेश न लिहिलेल्या एका ओळीच्या संमतीपत्रावर तुमची फिल्म सहा वर्षांनी किंवा परदेशात दाखवताना अडचण येते. वाद्याचे नाव, फिल्मचे नाव, मुदत, जगभर वापराची परवानगी, मोबदल्याची रक्कम आणि श्रेयनामावलीतील उल्लेख, एवढे एका पानात साध्या मराठीत लिहिता येते. ज्यांची मुलाखत घेतली त्या कारागिरांकडूनही असेच संमतीपत्र घ्यावे आणि ते त्यांना वाचून दाखवावे.

उपशीर्षके

आपली भाषा न समजणारा परीक्षक तुमची फिल्म उपशीर्षकांतूनच पाहणार असतो. तरीही हे काम शेवटच्या रात्री उरकले जाते. सबटायटल एडिट हे विनामूल्य साधन यासाठी पुरेसे आहे. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरे, आणि एक उपशीर्षक पडद्यावर सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, हे संकेत जगभर पाळले जातात. नेटफ्लिक्सने आपले उपशीर्षकांचे नियम सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते एकदा पूर्ण वाचावेत.

खरी कसोटी बोलीची असते. मिरजेचा कारागीर दख्खनी वळणाची उर्दू आणि सांगलीकडची मराठी एकाच वाक्यात बोलतो. ‘सूर बसंना झालाय’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर अर्थ हरवतो, आणि ‘जवारी’ला इंग्रजीत सोपा प्रतिशब्दच नाही. अशा ठिकाणी मूळ शब्द तसाच ठेवावा आणि तो शब्द पहिल्यांदा येतो त्या दृश्यात घोडीवर चालणारी कानस स्पष्ट दाखवावी, म्हणजे भाषांतराचे काम चित्र करील. उपशीर्षके झाली की ती मराठी अजिबात न येणाऱ्या व्यक्तीला दाखवावीत. वर सांगितलेल्या मंचांवर असे वाचक सहज मिळतात आणि केरळमधला किंवा ब्राझीलमधला माणूस कुठे अडखळतो हे मंडळातील मराठी मित्रांकडून कळणे शक्य नसते.

महोत्सव

फिल्मफ्रीवे हे २०१४ साली सुरू झालेले संकेतस्थळ आज प्रवेशिका पाठवण्याचा मुख्य मार्ग आहे. खाते विनामूल्य असते, पण बहुतेक महोत्सव डॉलरमध्ये शुल्क घेतात. माझ्या दुसऱ्या लघुपटाच्या वेळी मी एका परदेशी महोत्सवाला शुल्क भरले, विजेता म्हणून प्रमाणपत्रही मिळाले, आणि नंतर कळले की तो महोत्सव कोणत्याही सभागृहात भरलाच नव्हता. त्यानंतर मी काही गोष्टी तपासल्याशिवाय शुल्क भरत नाही. महोत्सव दर महिन्याला भरतो का, बक्षिसांचे विभाग शंभराच्या घरात आहेत का, मागील वर्षीच्या प्रेक्षागृहाची छायाचित्रे आहेत का, आणि तिथे निवड झालेल्या एखाद्या दिग्दर्शकाला संदेश पाठवला तर तो काय सांगतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर पैसे वाचवावेत.

भारतातील महोत्सवांपैकी माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपटांसाठी १९९० पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, केरळचा माहितीपट व लघुपट महोत्सव आणि धरमशालेचा महोत्सव यांच्या तारखा आधी नोंदवाव्यात. त्यानंतर अंदाजपत्रकात शुल्काची ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि ती संपली की थांबावे. शुल्कमाफीसाठी महोत्सवाला विनंतीपत्र पाठवता येते. आपली ओळख, फिल्मचे एक वाक्य आणि विनंती, एवढ्या तीन-चार ओळींच्या पत्राला अनेकदा होकार मिळतो.

फिल्म आधीच सार्वजनिकरीत्या यूट्यूबवर असेल तर काही महोत्सव ती स्वीकारत नाहीत, म्हणून महोत्सवांचे वर्ष पूर्ण होईपर्यंत ती उघडी करू नये. लघुपटाची लांबी ऑस्करच्या नियमांत ४० मिनिटांपर्यंत मानली जाते, परंतु दहा-बारा मिनिटांच्या फिल्मला कार्यक्रमात जागा मिळणे पुष्कळ सोपे असते. चित्रपटगृहात दाखवण्यासाठी लागणारी डीसीपी प्रत डीसीपी-ओ-मॅटिक या विनामूल्य साधनाने घरी तयार करता येते. ती पाठवण्याआधी जवळच्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला विनंती करून सकाळच्या खेळाआधी पाच मिनिटे चालवून पाहावी.

पैसा

बेंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाविषयक कामांना अनुदान देते आणि तिथे भारतीय भाषेतही प्रस्ताव लिहिता येतो. मराठीत विचार करणाऱ्याने मराठीतच प्रस्ताव लिहावा; मोडक्या इंग्रजीत तो फिका पडतो. लोकवर्गणीच्या संकेतस्थळांविषयी माझा अनुभव असा की, अनोळखी लोक क्वचितच पैसे देतात, ओळखीचे देतात. सांगली जिल्ह्याला याबाबतीत एक बळ आहे. विटा, खानापूर आणि आटपाडी भागांतील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरली आहेत आणि गावाविषयीची त्यांची ओढ टिकून आहे. गावाकडची गोष्ट सांगणारी फिल्म असेल तर त्यांच्या गटांपर्यंत तीन मिनिटांची चित्रफीत आणि खर्चाचा स्पष्ट तक्ता पोहोचवावा. जमा-खर्च काम पूर्ण झाल्यावर त्याच गटात जाहीर करावा.

फिल्म खुली करताना

महोत्सवांचे वर्ष संपले की पहिला खेळ सतारमेकर गल्लीतच, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांच्यासमोर करावा. त्यानंतर ती यूट्यूबवर टाकताना उपशीर्षके चित्रात न छापता वेगळ्या फाइलच्या रूपात जोडावीत, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवता येतात आणि शोधातही फिल्म सापडते. वर्णनात सर्व वादकांची, कारागिरांची आणि ध्वनींच्या मूळ स्रोतांची नावे लिहावीत. मग ज्या ज्या मंचावर तुम्ही चाळिसाव्या सेकंदाविषयी विचारले होते, तिथे त्याच जुन्या चर्चेखाली दुवा द्यावा आणि कोणत्या सूचनेमुळे संकलनात काय बदलले ते दोन ओळींत लिहावे. तुमच्यानंतर तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला ती चर्चा शोधताना सापडेल, आणि पुढच्या फिल्मच्या वेळी उत्तर देणारी माणसे तुम्हाला नावाने ओळखतील.